उणे एकवर थांबलेला काटा

जुन्या बाजारात कुणाला तरी एक लष्करी मीटर मिळालंय, बघून या, असं संपादक म्हणाले. त्या मीटरइतकाच मी ते ओळखणाऱ्या काकांमध्ये गुंतलो. वायुदलातून निवृत्त झालेले हे इन्स्ट्रुमेंट फिटर. कोथरूडच्या घरात खिडकीशी त्यांचं टेबल आहे.

त्यांनी मीटर आधी उलटं केलं. काळ्या डबीवर मुकुट आणि खाली ‘ए. एम.’, म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. शेजारचा भांडार क्रमांक ६ए पासून सुरू होणारा. रॉयल एअर फोर्सच्या भांडारात ६ए म्हणजे विमानातली उपकरणं, ६बी म्हणजे दिशादर्शनाची. पुढच्या बाजूला चौरस इंचाला पौंड, शून्याच्या एकीकडे उणे आकडे, दुसरीकडे अधिक. आणि काटा शून्याच्या खाली, उणे एकच्या आसपास.

“बिघडलंय ना?” मी विचारलं.

“पुण्यात बरोबर आहे,” काका म्हणाले.

साधा प्रेशर गेज बूर्दाँच्या १८४९ सालच्या युक्तीवर चालतो. वाकवलेली चपटी नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि दात्यांमार्फत काटा फिरवते. नळीबाहेर भोवतालचीच हवा, त्यामुळे तोंड मोकळं ठेवलं की काटा कुठल्याही गावात शून्यावर येतो. हा मात्र बूस्ट गेज. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब तो बाहेरच्या हवेशी ताडत नाही. आत हवा काढून बंद केलेली धातूची कुपी असते, तिच्याशी ताडतो. त्याचं शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा प्रमाण दाब, साधारण १४.७ पौंड. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. इथे हवा जवळजवळ एक पौंडाने हलकी. इतक्या वर्षांनंतरही ती कुपी शाबूत आहे, हे त्या ‘चुकीच्या’ काट्यावरून कळलं आणि मी खरोखर थक्क झालो. काकांनी मागच्या तोंडाला रबरी नळी लावून सिरिंजने हवा हळूच ओढली. काटा अडखळला, काचेवर नखाची एक टिचकी बसली, मग सरसर उणेत गेला.

याच काट्यावर वैमानिकाचा जीव असे. १९४० मध्ये १०० ऑक्टेन पेट्रोल आल्यावर स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला अडचणीच्या वेळी अधिक १२ पौंडांपर्यंत बूस्ट देता येऊ लागला. आधीची मर्यादा सव्वासहा होती.

मीटरच्या मालकाचा प्रश्न ठरलेला: विमान कोणतं? ते या मीटरवरून सांगता येत नाही. असे गेज अनेक जातींच्या विमानांत बसत, दुरुस्तीत अदलाबदल होई, आणि भंगारात एकाची डबी दुसऱ्याच्या तबकडीला लागते.

त्याहून मोठी काळजी आकड्यांवरच्या तपकिरी रंगाची. तो रेडियमचा. अंधारात आता चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण थकतं ते त्यातलं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल तोवर पूड आत राहते, तरी मीटर उशाशी ठेवू नये, हाताळल्यावर हात धुवावेत. काच फुटलेलं मीटर तर घेऊच नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. मालकाला तबकडी घासूनपुसून, आत दिवा बसवून हवी होती. काकांनी साफ नकार दिला आणि डबीवर चिठ्ठी चिकटवली: ‘रेडियम आहे. उघडू नये.’