शेतातलं नाणं कोणाचं?

समजा, कोकणातल्या खांब गावच्या तुमच्याच खाचरात मेटल डिटेक्टर वाजला. यंत्राच्या बुडाशी तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं, जमिनीतल्या धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांची प्रतिक्रिया यंत्र टिपतं. तांब्याचं शिवराई नाणं आणि लोखंडी खिळा यांचा प्रतिसाद वेगळा, म्हणून खणण्याआधी अंदाज बांधता येतो. अंदाजच हं! कोकणच्या तांबड्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे यंत्र उगाचच कोकलतं. शिवाय सुटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळतं.

सातबारा आपला म्हणून नाणंही आपलंच, असं नाही. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून (हो, दहाच!) जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठेवा बेवारस ठरला आणि सरकारने घेतला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा.

कळवायचं तरी कशाला? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी एकत्र मिळाली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. दोघांत कोण जिंकलं, ते त्या ढिगानेच सांगितलं. तीच नाणी सुटी सुटी सराफाकडे वितळली असती तर?

आणि हो, सापडलेलं नाणं चिंचेने घासू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही झिजतात.