ऑस्करची मतमोजणी

लॉस एंजेलिस, जानेवारी २०२६

२२ जानेवारीला पहाटे साडेपाच वाजता बेव्हर्ली हिल्समधल्या सॅम्युएल गोल्डविन थिएटरमधून यंदाची ऑस्कर नामांकने जाहीर झाली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळचे सात वाजले होते. पहाटेची ही अवेळ कुणाच्या हौसेखातर ठेवलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा साडेआठ झालेले असतात आणि सकाळच्या टीव्ही कार्यक्रमांना ताजी बातमी हवी असते. रायन कूगलरच्या 'सिनर्स'ला तब्बल १६ नामांकने मिळाली. याआधीचा विक्रम १४ चा होता. भारताच्या वतीने पाठवलेला नीरज घेवान यांचा 'होमबाउंड' आंतरराष्ट्रीय विभागाच्या डिसेंबरात जाहीर झालेल्या पंधरा चित्रपटांच्या यादीत होता, अखेरच्या पाचांत मात्र आला नाही. त्यानंतर दोन्ही देशांत ठरलेल्या प्रतिक्रिया उमटल्या. इथे अमक्या नटीला डावलले, तमक्या दिग्दर्शकावर अन्याय झाला, अशा याद्या तासाभरात निघाल्या. आपल्याकडे 'पुन्हा हुलकावणी' हा मथळा तयारच असतो. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कुणीतरी जाणकार मंडळी एका खोलीत बसली, त्यांनी सगळे चित्रपट पाहिले, गुण दिले आणि निकाल लावला. तशी खोली इथे नाही. ऑस्कर ही परीक्षा नसून निवडणूक आहे, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे आपला आनंद, आपला राग आणि आपली तयारी या तिन्ही गोष्टी भलत्याच ठिकाणी खर्च होतात.

त्यासाठी आधी या देशाची एक सवय समजून घ्यायला हवी. अमेरिकेत लोक ज्या पदांसाठी मत देतात, त्यांची यादी वाचून आपण चक्रावून जाऊ. लॉस एंजेलिस काउंटीचा शेरीफ, म्हणजे हजारो पोलिसांचा प्रमुख, निवडून येतो. सरकारी वकील निवडून येतो, करआकारणी करणारा अधिकारी निवडून येतो, इतकेच काय, काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशांची नावेही मतपत्रिकेवर असतात. आपल्याकडे पोलीस आयुक्त किंवा जिल्हा न्यायाधीश मते मागत फिरताना दिसले तर लोक डोक्याला हात लावतील. इथे त्यात काही गैर वाटत नाही. पात्रता कुणी ठरवायची या प्रश्नाला या समाजाचे ठरलेले उत्तर आहे: संबंधितांची यादी करा आणि मत घ्या. १९२७ साली स्थापन झालेली चित्रपट अकादमी याच मुशीतली आहे. तिचे मतदार आज दहा हजारांहून जास्त आहेत. ते सगळे या धंद्यातलेच लोक, आणि आपापल्या शाखांत विभागलेले. नामांकनाच्या फेरीत अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, संकलक संकलकांना, दिग्दर्शक दिग्दर्शकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळे मिळून मत देतात.

मोजणीची रीत मराठवाड्यातल्या वाचकाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही, कारण ती जवळजवळ पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीसारखीच आहे. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा, कोटा ठरवायचा, कोटा पूर्ण झाला की जागा पक्की, मग वरची मते आणि बाद झालेल्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची. जागा पाच असतील तर कोटा एकषष्ठांशाच्या जरासा वर येतो. याचा अर्थ असा की, ज्याला सहापैकी पाच मतदारांनी हिंग लावून विचारले नाही, पण सहाव्याने जीव ओवाळून पहिली पसंती दिली, तो नामांकित होतो. आणि जो सगळ्यांना बरा वाटला, पण कुणालाच सगळ्यांत पुढचा वाटला नाही, तो बाहेर राहतो. २०२३ मध्ये अँड्रिया राइजबरोला 'टू लेस्ली'साठी मिळालेले नामांकन आठवून पाहा. चित्रपटाची तिकीटबारीवरची कमाई जेमतेम २७ हजार डॉलर. पण तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नामवंत नटनट्यांनी आपापल्या ओळखीच्या मतदारांना चित्रपट दाखवला, शब्द टाकला, आणि अभिनेत्यांच्या शाखेत तेवढ्याने काम झाले. गवगवा झाला, अकादमीने चौकशी केली, नामांकन मात्र कायम राहिले. आता उलट उदाहरण. २०२४ मध्ये 'बार्बी'ला आठ नामांकने मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते, पण दिग्दर्शक ग्रेटा गर्विग दिग्दर्शनाच्या पाचांत नव्हती. चित्रपट चांगला, मग तो केला कुणी, असा सवाल देशभर गाजला. हिलरी क्लिंटन यांनीही त्यात उडी घेतली. सवाल बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. चित्रपट निवडणारे मतदार हजारोंनी, दिग्दर्शक निवडणारे त्यांतले काहीशेच. दोन मतदारसंघांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून कुणी कटाचा आरोप करत नाही. इथे मात्र दरवर्षी होतो.

आपल्याला हे उमगायला जड जाते, कारण आपण परीक्षकांच्या परंपरेत वाढलो आहोत. राष्ट्रीय पुरस्कार परीक्षक मंडळ देते, राज्य चित्रपट पुरस्कारही. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्ण कैलास कुणाला द्यायचा हे मोजके ज्युरी चित्रपट बघून, आपसांत वाद घालून ठरवतात. या पद्धतीत मतभेद असतात, वशिल्याची कुजबुज असते, पण तिच्याकडे एक अधिकार असतो जो निवडणुकीकडे कधीच नसतो: नकाराचा. २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असे सांगून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! पण परीक्षक तसे म्हणू शकले, कारण त्यांच्यासमोर एक मोजपट्टी होती, मग ती कुणाला पटो वा न पटो. ऑस्करचा मतदार 'यंदा कुणीच नाही' असे लिहू शकत नाही. त्याला मोजपट्टी दिलेलीच नाही, नुसती मतपत्रिका दिलेली आहे. म्हणून नामांकन न मिळणे हा नापासाचा शेरा नाही आणि मिळणे हे प्रावीण्याचे प्रमाणपत्र नाही. पुरेशा मतदारांनी एखादे नाव वरच्या क्रमांकावर लिहिले किंवा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

निवडणूक म्हटली की प्रचार आला. या मोसमात सनसेट बुलेव्हारवरचे भलेमोठे फलक प्रेक्षकांशी बोलत नाहीत. 'फॉर युअर कन्सिडरेशन' एवढे शब्द, खाली चित्रपटाचे नाव आणि ज्या विभागांत मत हवे त्यांची यादी. लाखो माणसे त्याखालून गाड्या हाकत जातात, आणि फलक त्यांतल्या काही हजारांसाठी असतो. खास खेळ होतात, खेळानंतर कलावंतांशी गप्पा होतात, गप्पांनंतर खाणेपिणे होते. अकादमीची आचारसंहिताही आहे: मतदाराला कुणी किती वेळा काय पाठवायचे यावर बंधने, प्रतिस्पर्ध्याची निंदा करायला बंदी. यंदापासून आणखी एक नियम आला आहे, तो वाचून हसावे की रडावे कळत नाही. अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. इतकी वर्षे ही अट बहुतेक विभागांत नव्हती!

यावर पहिला आक्षेप उघड आहे: प्रचाराला पैसा लागतो, मग ही निवडणूक विकतच घेतली जाते की. यात तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. यंदा आंतरराष्ट्रीय विभागात नामांकित झालेल्या पाच चित्रपटांपैकी ब्राझीलचा 'द सीक्रेट एजंट', फ्रान्सतर्फे आलेला 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट', नॉर्वेचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' आणि स्पेनचा 'सिरात' हे चारही अमेरिकेत निऑन या एकाच वितरकाचे आहेत. गेल्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरलेला 'अनोरा' सुमारे ६० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि प्रचाराला त्याच्या सुमारे तिप्पट पैसा लागला, असे इथल्या पत्रकारांनीच लिहिले. तरीही पैसा टाकला की बाहुली हातात, असे होत नाही. त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या 'एमिलिया पेरेझ'ने १३ नामांकने मिळवली, प्रचारात काही कमी नव्हते, पण नायिकेची जुनी आक्षेपार्ह ट्वीट वर आली आणि गाडी दोन पुरस्कारांवर थांबली. अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंना मागे टाकून लाटव्हियाच्या 'फ्लो'ने नेला. त्या चित्रपटात एकही संवाद नाही. पैशाने मतदारापर्यंत पोहोचता येते, त्याचा हात धरता येत नाही. आपल्याला मात्र पोहोचण्याचीच अडचण आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मतदारच एका रंगाचे, एका वयाचे आणि एका गावचे असतील तर निवडणूक कसली? २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाच्या वीसही जागांवर गोरे कलावंत होते आणि त्यावरून मोठी चळवळ उभी राहिली. इथे हा देश पुन्हा आपल्या वळणावर गेला. परीक्षक बदला अशी मागणी करून उपयोग नव्हता, कारण परीक्षकच नव्हते. म्हणून मतदारयादी बदलली. २०१६ मध्ये अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतले सदस्य चार वर्षांत दुप्पट करण्याचे ठरवले, परदेशांतून सदस्य घेतले. २०२३ च्या निमंत्रितांत 'कोर्ट'चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचे नाव होते. योगायोग बोलका आहे. त्यांचा 'कोर्ट' व्हेनिसला पुरस्कार मिळवून आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ घेऊन २०१५ साली भारतातर्फे इथे आला होता, त्याला अमेरिकन वितरकही होता, तरी पहिल्याच चाळणीत गळाला. त्या काळी परदेशी चित्रपटांची पहिली चाळणी लॉस एंजेलिसच्या परिसरातले, खेळांना हजर राहू शकणारे सदस्य करत. ही दारे पुढे २०२० मध्ये सगळ्या सदस्यांना खुली झाली. तोच चित्रपट आजच्या यादीपुढे आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक नाही.

आता आपल्या घराकडे. आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो आणि भारताचा चित्रपट फिल्म फेडरेशनची समिती ठरवते. म्हणजे निवडणुकीचा उमेदवार आपण परीक्षा घेऊन ठरवतो. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' कानमध्ये ग्राँ प्री मिळवून आला होता, त्याला अमेरिकेत वितरक होता, इथल्या समीक्षकांच्या याद्यांत तो वर होता. समितीने 'लापता लेडीज' निवडला. तो पंधरांतही आला नाही. कपाडियांचा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटतो, असे समितीचे मत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. परीक्षक म्हणून असे मत बाळगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. उमेदवार निवडणाऱ्या पक्षाला असा अधिकार परवडत नाही. फ्रान्सने यंदा इराणच्या जाफर पनाहींचा फारसी चित्रपट आपला म्हणून पाठवला, कारण निर्मितीत फ्रेंच पैसा होता आणि तो मते मिळवणार हे त्यांना दिसत होते.

मराठी माणसाला ही गोष्ट एकदा सहज कळली होती. २००४ मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास' भारतातर्फे निवडला गेला तेव्हा प्रचारासाठी महाराष्ट्रात वर्गणी गोळा झाली. सरकारने दिली, देवस्थानाने दिली, शाळकरी मुलांनीही दिली. काहींनी तेव्हा नाक मुरडले, गुणवत्तेला भीक कशाला, म्हणून. भीक कसली, तो निवडणूक निधी होता, फक्त उमेदवारी जाहीर झाल्यावर जमवायला घेतलेला, आणि तोवर उशीर झाला होता. त्याआधी दोनच वर्षे 'लगान' पाचांत पोहोचला होता. आशुतोष गोवारीकर आणि आमिर खान लॉस एंजेलिसमध्ये तळ ठोकून होते आणि पाठीशी सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा मुरलेला वितरक होता. आज गोवारीकर अजिंठा-वेरूळ महोत्सवाशी मानद अध्यक्ष म्हणून जोडले गेले आहेत. त्या अनुभवाचे एक सत्र मराठवाड्यातल्या नव्या दिग्दर्शकांसाठी ठेवले तर चार मास्टरक्लासपेक्षा जास्त कामाचे ठरेल.

राहता राहिली आपल्याकडची बातमीदारी. अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगरांपैकी एकात सात दिवस चित्रपट चालवला आणि अर्ज भरला की तो ऑस्करच्या पात्र चित्रपटांत बसतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी थोडे जास्त वितरण आणि आणखी काही अटी लागतात. गेल्या वर्षी अशा यादीत ३२३ चित्रपट होते, त्यांत 'स्वातंत्र्यवीर सावरकर' आणि 'कंगुवा'ही. उमेदवारी अर्ज छाननीत टिकला, इतकाच त्याचा अर्थ, पण आपल्याकडे पेढे वाटण्याइतपत बातम्या झाल्या. 'दशावतार'च्या मुख्य विभागातल्या प्रवेशाच्या बातम्याही त्याच वळणावर गेल्या. चित्रपटाच्या योग्यतेबद्दल हे काही नाही. अर्ज, पंधरांची यादी आणि पाच नामांकने या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि 'ऑस्करमध्ये' हा एकच शब्द तिन्हींना लावला जातो. सप्टेंबरात फेडरेशन पुढचा चित्रपट जाहीर करील. त्या दिवशी त्याच्या गुणदोषांवर जरूर भांडावे, पण अमेरिकेत त्याचा वितरक कोण, हा प्रश्न त्याआधी विचारावा.