मारुतीच्या कमरेला पाणी

लहानपणी गोदावरीला पूर आला की अब्बा छत्री घेऊन घाटावर जायचे. परतले की अम्मी एकच विचारायची, "पाणी कुठवर आलंय?" अब्बा सांगायचे, "मारुतीच्या कमरेला लागलंय." मग धान्याची पोती माळ्यावर चढायची. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी कुणाची जातपात विचारत नाही. ही पट्टीही सगळ्यांचीच.

आज या कामासाठी देशपातळीवर व्यवस्था आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभे राहिले. त्याचे अध्यक्ष पंतप्रधान. राज्यात मुख्यमंत्री आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी. प्राधिकरण धोरण आखते, मार्गदर्शक सूचना देते. बोटी, दोर घेऊन धावते ते एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. महाराष्ट्रासाठी त्याची बटालियन पुणे जिल्ह्यात आहे. जवान आधीच येऊन थांबले नसतील, तर तिथून नाशिकला पोचायला काही तास जाणारच. ते पहिले तास आपले आणि शेजाऱ्यांचे.

म्हणून संकटानंतरच्या धावपळीपेक्षा आधीची तयारी मोलाची. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. पुढे २०१४ मध्ये प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनावर मार्गदर्शिका काढली. तिचे सार साधे आहे : गर्दी दाटण्याआधीच तिला वाट करून द्यावी. २०१५ च्या सिंहस्थात येण्याजाण्याचे मार्ग वेगळे ठेवले गेले, आणि तसा प्रसंग पुन्हा आला नाही.

पुराचेही तसेच. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदाकाठाने मोठे पूर पाहिले. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडणार, हे प्रशासन जाहीर करते. ते ऐकल्यापासून पाणी दाराशी येईपर्यंतचा वेळ, तेवढीच आपली कमाई. सराफ बाजार, भांडी बाजारातले जुने दुकानदार त्या वेळात माल वर हलवतात. पण गल्लीतल्या ज्या आजींना जिना उतरवत नाही, त्यांना कोण उचलणार?

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो दाराशी लिहून ठेवा. त्याखाली त्या आजींचे नाव लिहा, आणि त्यांना उचलणाऱ्या दोघांचीही. हे काम कोरड्या दिवसांतच करायचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)