खिशातली वीसची नोट

१९८४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं न्यूयॉर्कला उतरलो, तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेल्या आमच्या दादरच्या जुन्या शेजाऱ्यांनी पहिला उपदेश केला तो थंडीचा नव्हता की नोकरीचा नव्हता. ते म्हणाले, "खिशात वीस डॉलरची एक नोट कायम वेगळी ठेवा. कोणी सुरा दाखवला तर मुकाट्यानं काढून द्यायची. खिसा रिकामा निघाला तर चोर चिडतो."

क्वीन्समधल्या एल्महर्स्टला आम्ही बिऱ्हाड थाटलं आणि ही नोट दहा-बारा वर्षं सांभाळली. ती द्यायची वेळ एकदाच आली, १९८९ साली, सबवेच्या जिन्यात. चोर नोट घेऊन "थँक यू" म्हणून गेला, हे सांगितलं तर मुलांना आजही खरं वाटत नाही.

त्या काळी गाडीच्या काचेवर 'नो रेडिओ' अशी पाटी लावायची पद्धत होती. रेडिओ खाचेतून उपसून काढता यायचा आणि तो काखोटीला मारूनच नाटकाला जायचं. गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या सभागृहात एकीकडे चपला-बुटांची रांग आणि खुर्च्यांखाली रेडिओंची रांग, हे दृश्य आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

आमची भीती अगदीच खोटी नव्हती. १९९० साली न्यूयॉर्क शहरात बावीसशेहून अधिक खून झाले, वाटमारीच्या एक लाखाच्या घरात नोंदी झाल्या आणि सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या चोरीला गेल्या. २०१७ साली त्याच शहरात खून झाले २९२, आणि गाड्या गेल्या सहा हजारांहून कमी. मधल्या काळात वस्ती मात्र ७३ लाखांवरून ऐंशी लाखांच्या वर गेली होती. दर लाख वस्तीमागे हिशेब केला, तर खुनांचं प्रमाण ३१ वरून साडेतीनच्या आसपास आलं. एवढी घसरण होईल असं १९९० साली कोणी म्हणालं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

हे कसं घडलं? आपल्याकडे जेवणानंतर हा वाद निघाला, की एक पक्ष म्हणतो महापौर जुलियानींनी केलं, दुसरा म्हणतो पोलिसप्रमुख ब्रॅटननी केलं. १९९४ मध्ये पोलिसांनी कॉम्पस्टॅट पद्धत सुरू केली, गुन्हे नकाशावर मांडून प्रत्येक भागाच्या अधिकाऱ्याला जाब विचारायला सुरुवात केली, हे खरंच आहे. पण आकडे उतरायला त्याआधीच, १९९१ पासून, सुरुवात झाली होती. ज्यादा पोलिसभरतीचा निर्णय महापौर डिंकिन्स यांच्या कारकिर्दीतला. शिवाय गुन्हे अमेरिकेतल्या इतर शहरांतही उतरले, शेजारच्या कॅनडातही उतरले. तिथे ना जुलियानी होते ना ब्रॅटन. रस्त्यात अडवून झडती घेण्याचंच उदाहरण घ्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पावणेसात लाखांहून जास्त वेळा लोकांना असं रस्त्यात अडवलं. २०१३ मध्ये कोर्टानं ती पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि २०१७ पर्यंत हा आकडा बारा हजारांच्या आत आला. पुष्कळांना वाटलं होतं, आता शहर पुन्हा बुडणार. खून आणखी कमी झाले.

आमच्या मते घोळ होतो तो 'गुन्हेगारी' या एकाच शब्दामुळे. ताप आला एवढं सांगून डॉक्टर औषध देत नाही. मलेरिया की टायफॉईड ते बघतो. इथेही तसंच. ऐंशीच्या दशकातले बरेच खून क्रॅक कोकेनच्या धंद्यातले होते. कोपऱ्या-कोपऱ्यावर उघड विक्री, कोपरा कोणाचा यावरून भांडण, आणि प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल. ते व्यसन ओसरलं तसे ते खूनही ओसरले. गाडीचोरीचं कारण वेगळं. नव्वदीच्या शेवटी किल्लीत चिप आली, आणि नुसत्या तारा जोडून गाडी सुरू होईना. नंतर काही ह्युंदाई आणि किया गाड्यांत ही सोय नसल्याचं २०२१ च्या सुमारास पोरांनी एकमेकांना व्हिडिओतून दाखवलं, आणि उतरलेली गाडीचोरी पुन्हा वर गेली. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये पंधरा हजारांहून अधिक गाड्या गेल्या. त्याच २०२३ मध्ये खून मात्र कमी होत होते. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, देशभर खून जवळपास तीस टक्क्यांनी वाढले होते. ती लाट २०२३ आणि २०२४ मध्ये वेगानं ओसरली. एका वर्षी एक गुन्हा चढतो, दुसरा उतरतो. "क्राइम वाढलंय हो" असं म्हणणाऱ्याला म्हणून आधी विचारावं, "कुठला?"

आणि विचारावं, "कुणाच्या वाट्याला?" १९८७ साली जर्सी सिटी-होबोकनमध्ये 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी कुंकू-टिकली लावणाऱ्या बायकांना आणि एकंदर भारतीयांना लक्ष्य केलं. होबोकनला एका भारतीय तरुणाला जमावानं मारहाण केली आणि त्यात तो गेला. त्या वर्षीच्या खुनांच्या बेरजेत तो फक्त एक आकडा होता. पण आमच्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी त्यानंतर बाहेर जाताना कपाळ मोकळं ठेवायला सुरुवात केली. तो हिशेब कुठल्या तक्त्यात येणार? द्वेषापोटी झालेल्या गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवायचा कायदा अमेरिकेत १९९० साली झाला.

दुसरी गोष्ट सोन्याची. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये आशियाई आणि भारतीय कुटुंबांची घरं हेरून दरोडे घालणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. देशभर घरफोड्या कमी होत असताना हे चाललं होतं. आपल्या कपाटातल्या पाटल्या-बांगड्यांची कीर्ती आपल्या आधी पोचलेली असते, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायची की नाही यावर दोघांत बराच खल झाला.

२०१६ चा फेब्रुवारी. तोवर आम्ही एडिसनला राहायला आलो होतो. सकाळी फोन आला. "आयआरएसमधून बोलतोय. तुमच्या नावावर कर थकलाय. पोलिस निघालेत. फोन ठेवलात तर अटक होईल." आम्ही तीस वर्षं इमानेइतबारे कर भरलेली माणसं, पण 'अटक' म्हटल्यावर हातपाय गळाले. फोन चालू ठेवूनच दुकानात गेलो आणि पाचशे डॉलरची सहा गिफ्ट कार्डं घेतली. काउंटरवरच्या मुलीनं काळजीनं विचारलं, "एवढी कुणासाठी?" तर "भाच्याच्या मुंजीसाठी" असं चक्क खोटं बोललो, कारण तसंच काहीतरी सांगा असं फोनवरच्या माणसानं बजावलं होतं. गाडीत बसून कार्डावरचे आकडे वाचून दाखवले. तीन हजार डॉलर पाच मिनिटांत गेले. आकडे नेमके कुणी वाचले हे आम्ही सांगत नाही. घरात तसा ठराव झाला आहे.

सबवेतल्या वीस डॉलरची गोष्ट आम्ही शंभर जणांना रंगवून सांगितली होती. ही मात्र कुणालाच सांगितली नाही. पोलिसांना नाही, मुलीला नाही. म्हणजे २०१६ च्या तक्त्यांत एडिसनमधला हा गुन्हा घडलाच नाही! आणि असे आम्ही एकटेच नव्हतो. सरकार १९७३ पासून घरोघर विचारून एक वेगळी पाहणी करतं. तिच्यात वर्षानुवर्षं दिसतं, की चोरी-घरफोडीसारख्या गुन्ह्यांतले साधारण एक तृतीयांशच पोलिसांपर्यंत पोचतात. फसवणुकीत तर लाज आडवी येते.

त्याच ऑक्टोबरात ठाण्याच्या पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापा घातला. आयआरएसचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथून अमेरिकेत फोन होत. सुमारे सत्तर जणांना अटक झाली. बहुतेक विशीतली पोरं, हातात लिहून दिलेले संवाद. आमचा फोन तिथूनच आला असं म्हणायला पुरावा नाही. पण त्या बोलण्यात आपल्याकडची लय होती, हे तेव्हाच कानाला कळलं होतं. कबूल करायला आठ महिने लागले. त्यातल्या कुणाची आई "रात्रपाळी आहे" म्हणून डबा भरून देत असेल, हा विचार आला आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळेना. बातमी वाचून आम्ही गप्प बसलो, म्हणून मुलीनं खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ती म्हणाली, "अहो, चोरी त्यांनी केली, मग लाज तुम्हाला कसली?" त्या रात्री तिनं शेजारी बसून तक्रार नोंदवून घेतली. पैसे आले नाहीत, झोप मात्र आली.

एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे २०२४ सालात नोंदवलेलं नुकसान १६ अब्ज डॉलरच्या वर होतं. त्यातले पावणेपाच अब्जांहून जास्त साठी ओलांडलेल्यांचे. रस्त्यावरचा सुरा कमी झाला म्हणून आपण निर्धास्त झालो, आणि दाराला तीन कड्या लावून फोन उचलत बसलो.

म्हणून आमची विनंती एवढीच. आयआरएस आधी पत्र पाठवतं आणि कर कधीही गिफ्ट कार्डात मागत नाही, हे भारतातून राहायला आलेल्या आई-वडिलांना मराठीतून समजावून सांगा. फोनवर धमकी आली तर तो ठेवून द्या, अटक होत नाही. आणि फसलात तर बोला. घरात बोला, पोलिसांत बोला, मंडळात बोला.

वीसची नोट आम्ही आता ठेवत नाही. तिच्या जागी फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी मुलीला विचारायचं.' अक्षर तिचं आहे.