ओसाड वाफा पुन्हां लावतांना



घराच्या कुंपणालगतचा फुलझाडांचा वाफा दोनतीन वर्षें दुर्लक्षिला गेला, म्हणजे त्याची काय दशा होते हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हराळी आणि लव्हाळा सर्वत्र माजतात, शेवंती खुरटते, निशिगंधाला नुसतीं पानेंच येतात. आणि मग एखाद्या सुटीच्या दिवशीं घरधनी संतापून सगळें खणून मोकळे होतात. आज मला मुख्यतः हेंच सांगावयाचें आहे कीं, असा वाफा वरून ओसाड दिसला तरी आंतून तो क्वचितच मेलेला असतो. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वीं जमिनीखालीं काय निजलें आहे याचा शोध घ्यावा.

हा धडा मला स्वतःच्या चुकीनें मिळाला. पुण्यास आमच्या घरीं मातुःश्रींनीं कोंकणांतून आणलेला भुईचाफा होता. या झाडाचा स्वभाव असा कीं, हिवाळ्यांत त्याचीं पानें वाळून नाहींशीं होतात, आणि उन्हाळ्यांत उघड्या जमिनींतून, एकहि पान नसतां, पांढरीं-जांभळीं सुगंधी फुलें वर येतात. मातुःश्रींच्या पश्चात् एका पौष महिन्यांत तो वाफा रिकामा समजून मीं सरसकट खणविला व गांठीगड्ड्यांसह माती बाहेर टाकविली. चैत्र आला, वैशाख गेला. फूल कांहीं दिसेना. तेव्हां मीं काय टाकून दिलें हें माझ्या ध्यानांत आलें.

म्हणून पहिला नियम असा. पावसाळ्यांत बहुतेक सर्व कंद पानांवर येतात. त्या वेळीं भुईचाफा, सोनटक्का, लिली, निशिगंध जेथें जेथें दिसतील तेथें बांबूची काडी रोंवून ठेवावी. खणण्याचें काम मात्र पुढील चैत्र-वैशाखांत करावें.

याचें कारण लव्हाळा. त्याचें बळ पानांत नसून जमिनीखालच्या गांठींत असतें. या गांठी दोऱ्यासारख्या मुळ्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात. वरचें गवत उपटलें कीं दोरा तुटतो, निजलेल्या गांठी जाग्या होतात, आणि एका कोंबाच्या जागीं चार दिसूं लागतात. यासाठीं दांत्यांच्या फावड्यानें सुमारें ३० सेंटिमीटर खोल माती उलटून गांठी वेंचाव्या व फरशीवर कडक उन्हांत वाळत घालाव्या. पुरत्या सुकल्या म्हणजे त्या मरतात. ओल्याच उकिरड्यावर टाकल्यास तेथें पुन्हां रुजतात. एका खणण्यानें काम भागत नाहीं. पुढें येणारे कोंब लहान असतांनाच काढीत राहावें.

आतां मातीविषयीं. आमच्याकडील काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. ती ओली असतां तुडवूं नये. तींत कुजलेला पालापाचोळा व शेणखत मिसळून वाफा भोंवतालच्या जमिनीहून १० सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे पावसाळ्यांत पाणी सांचून कंद कुजत नाहींत.

निशिगंधाचा कंद एकदां फुलला म्हणजे पुन्हां फुलत नाहीं. त्याच्या भोंवतालचीं पिल्लें पुढें फुलतात. तीनचार वर्षांत त्यांची दाटी होऊन फुलें कमी होतात. असा गड्डा फोडून जाड कंद २० सेंटिमीटर अंतरावर लावावे. शेवंतीचें जुनें खोड टाकून बुंध्याशीं फुटलेले कोवळे कोंब मुळ्यांसह वेगळे करावे व पावसाच्या आरंभीं लावावे. मात्र ती रस्त्याच्या दिव्याखालीं लावूं नये. गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन संशोधकांनीं १९२० सालीं असें दाखवून दिलें कीं, कित्येक वनस्पतींचा बहर दिवसरात्रीच्या लांबीवर अवलंबून असतो. शेवंतीला कळ्या धरण्यास लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. दिव्याच्या उजेडांत ती पानेंच वाढवीत बसते. उंच सोनटक्का मागें, निशिगंध व शेवंती मध्यें, आणि लिली व तेरडा पुढें, अशी रचना ठेवावी.

शेवटीं भुईचाफ्याचें सांगावयाचें राहिलें. माझी हळहळ ऐकून शेजारच्या काकू एके दिवशीं एक कंद घेऊन आल्या. “मास्तर, तुमच्या आईंनींच मला हा दिला होता, त्याचाच हा तुकडा आहे, लावा,” असें त्या म्हणाल्या. पुढील वर्षीं वैशाखांत त्याला दोन फुलें आलीं.

तेव्हांपासून वाफा खणतांना जे जादा कंद निघतात ते मी आधीं शेजारीं वांटतों आणि मगच उरलेले लावतों. आपणहि असें करून पाहावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.