पंखांची आसरा

पितृपंधरवड्यात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं पान. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी मात्र भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात त्या दिवशी एक पान न चुकता वाढलं जातं. कुणासाठी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, ‘वीरासाठी.’

या वीराचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात आहे. घोडा, घोड्यावर स्वार, हातात तलवार. असे टाक पुष्कळ घरांत सापडतात. लग्नाआधीच गेलेला तरुण मुलगा घराचा वीर होतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात. आमचा वीर कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही, आणि त्याचं नावही कुणाला सांगता येत नव्हतं. पणजोबांचा धाकटा भाऊ, एवढंच माहीत. बाकी कथा अशी की तो कृष्णेच्या डोहात पोहायला गेला आणि त्याला पाण्यातल्या आसरांनी ओढलं. पुरावा हवा असेल तर टाकाशेजारी साक्षात आसरा होतीच. पिवळसर धातूची वाटोळी चकती, वर कडी, आणि चकतीवर दोन्ही हात पसरून उभी असलेली पंखांची बाई. तिला रोज हळदकुंकू. इतकं, की पंखांच्या खाचा बुजून गेल्या होत्या.

घटस्थापनेच्या आधी देव उजळायला काढतात. एका वर्षी आत्याचा हात दुखत होता म्हणून ते काम माझ्याकडे आलं. चिंचेचा कोळ लावून आसरा घासली. पाठीमागच्या बाजूला इंग्रजी मजकूर दिसायला लागला : संस्कृतीसाठी लढलेलं महायुद्ध, १९१४ ते १९१९. मग नखाने कडेवरचं कुंकू खरवडलं. तिथे, जेमतेम नाण्याच्या कडेएवढ्या जागेत, बारीक अक्षरं ठोकलेली होती. एक क्रमांक, मग शिपाई हा हुद्दा, मग नाव, आणि शेवटी पलटण : ११० मराठा. नावाचं स्पेलिंग वाकडं होतं, पण नाव वाचता येत होतं.

आत्याने मान्य केलं नाही. ‘आसरा ती आसराच,’ म्हणाली आणि चकती काढून घेतली.

ते पहिल्या महायुद्धाचं विजयपदक होतं. पंखांची बाई म्हणजे पाश्चात्त्यांची विजयदेवता. कडेवर ज्याचं पदक त्याचं नाव ठोकलेलं असे, आणि माणूस मेला असेल तर ते घरच्यांकडे येई. नाव आणि क्रमांक घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी शोधली. तिथे बापाचं नाव होतं, गाव होतं, जिल्हा सातारा होता. मृत्यूची तारीख २२ नोव्हेंबर १९१५.

कृष्णा नव्हे, तैग्रिस. जनरल टाउनशेंडची सहावी (पुणे) डिव्हिजन बगदादच्या दिशेने निघाली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला, तिथल्या लोकांच्या बोलीत सलमान पाकला, प्राचीन इराणी राजवाड्याची प्रचंड विटांची कमान उभी आहे. तिच्याभोवती तुर्कांनी खंदक खणले होते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराची चांदणी रात्र चालून फौज पोचली आणि सकाळी हल्ला झाला. टाउनशेंडचे चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीकडे नेलं. बाकीची फौज मागे हटत कूटला आली, तिथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. रणांगणच सोडून यावं लागलं, मग मेलेल्यांच्या कबरी कुठून असणार?

म्हणून त्याची नोंद बसरा स्मारकावर. स्मारकावर, पण दगडावर नाही. ४० हजारांहून अधिक बेपत्ता मृतांसाठी बांधलेलं हे स्मारक १९२९ साली खुलं झालं. ब्रिटिशांची नावं कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ साली. आमच्या गावातल्या जुन्या पाटीवरही दोनच आकडे आहेत, गेले किती आणि मेले किती. साहेबाच्या हिशेबात तो दोन्ही ठिकाणी आकडाच होता.

मग बुडाल्याची कथा आली कुठून? मला वाटतं ती त्या पदकातूनच आली. घातचतुर्दशीचं पान पणजोबांच्या वडिलांनी सुरू केलं असणार, कारण पोराला शस्त्राने मरण आलं हे त्यांना ठाऊक होतं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ते आणि पणजोबा दोघेही गेले. पदकं घरी आली ती लढाई संपल्यावर, आणि तेव्हा घरात जाणती म्हणावी अशी पणजीच उरली होती. तिने दीर कधी धड पाहिला नव्हता आणि इंग्रजी अक्षराशी तिचा संबंध नव्हता. पाकिटातून पंखांची बाई निघाली. घातचतुर्दशी अपघाताचीही असते. दोन्ही जुळवून पुढच्यांनी डोह उभा केला. तिथी बरोबर राहिली, टाक बरोबर राहिला. भरकटली ती फक्त तोंडी गोष्ट. घराण्याचा इतिहास लिहिणारे आधी गोष्टी गोळा करतात. मी आता आधी कुळाचार विचारतो.

शिपायाला विजयपदकासोबत चांदीचं युद्धपदकही मिळे. ते घरात नाही. आत्याचा तर्क असा की पणजीने ते सोनाराला देऊन वीराचा टाक घडवून घेतला. तर्क गोड आहे, पण मला पटत नाही. पदक अडीच तोळ्यांच्या आसपासचं आणि आमचा टाक जेमतेम अर्ध्या तोळ्याचा. उरलेली चांदी गेली कुठे, असं विचारलं तर आत्या म्हणाली, ‘सोनाराच्या पोटात, दुसरीकडं कुठं!’ विजयपदक म्युझियमला द्यावं, निदान फ्रेम करावं, असं चुलतभावाचं मत. ते देव्हाऱ्यात परत गेलं आहे, फक्त कडेला कुंकू लावायचं नाही असं ठरलं आहे.

त्याच यादीत, त्याच पलटणीचे, त्याच तारखेला गेलेले आमच्या तालुक्यातले आणखी काही जण सापडले. गावांची नावं कारकुनांनी कानावर पडतील तशी लिहिलेली, त्यामुळे निम्मी ओळखू येत नाहीत. दोन गावं पक्की झाली आहेत. दिवाळीनंतर जायचं आहे, आणि आत्याला बरोबर न्यायचं आहे. परक्या पुरुषाला देव्हाऱ्यात हात कोण घालू देणार?