गहाण घराची जप्ती आणि भाडेकरूचे हक्क : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा शहर, जवाहरनगर परिसर, तुमसर, साकोली, पवनी या ठिकाणी बदलीवर आलेला नोकरवर्ग आणि तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक बहुधा भाड्याच्या घरात राहतात. घर घेताना पाण्याची चौकशी होते, ते घर गहाण आहे काय हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. भाडे नियमित भरणाऱ्या कुटुंबाला एखाद्या दिवशी दारावर चिकटवलेली बँकेची नोटीस दिसते आणि ज्या कर्जाशी आपला काडीचाही संबंध नाही, त्याची झळ आपल्याला बसणार हे तेव्हा उमगते. अशा भाडेकरूची कायदेशीर स्थिती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

जप्तीची प्रक्रिया :
सन २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँकेला दिवाणी दावा न लावता गहाण मालमत्ता ताब्यात घेता येते. प्रथम कलम १३(२) ची नोटीस, साठ दिवसांची मुदत आणि त्यानंतर कलम १३(४) अन्वये ताबा असा हा क्रम आहे. हा ताबा पुष्कळदा सांकेतिक असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये चालते. हा भेद आपल्याकडे वारंवार विसरला जातो.

न्यायालयीन भूमिका :
या विषयावरील तीन प्रमुख निकाल महाराष्ट्रातील प्रकरणांतूनच आले. हर्षद गोवर्धन सोंडागर प्रकरणात (२०१४) न्यायालयाने म्हटले की, गहाणापूर्वीचा वैध भाडेपट्टा संपुष्टात आलेला नसेल तर भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही. गहाणानंतरचा भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६५अ मध्ये बसला पाहिजे. म्हणजे घराच्या बाबतीत मुदत तीन वर्षांहून अधिक नसावी, भाडे वाजवी असावे आणि ते आगाऊ घेतलेले नसावे. विशाल कलसारिया प्रकरणात (२०१६) न्यायालय आणखी पुढे गेले. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण सरफेसी कायद्याने हिरावले जात नाही आणि करार नोंदवलेला नाही एवढ्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही, असे त्यात ठरले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मुळात घरमालकाचीच आहे.

परंतु या निकालावर विसंबून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. बजरंग श्यामसुंदर अग्रवाल प्रकरणात (२०१९) त्रिसदस्यीय पीठाने तोंडी भाडेकरारावर मर्यादा घातली. एका वर्षाहून अधिक काळ ताब्याचा हक्क सांगायचा असेल तर नोंदणीकृत दस्त हवा, असे त्यात म्हटले आहे. ज्याचा भाडेपट्टा संपला आहे व जो केवळ तसाच राहून गेला आहे, त्याला भाडे नियंत्रण कायद्याचा आधारही मिळाला नाही. माझ्या मते व्यवहारात आज हाच निकाल अधिक निर्णायक आहे. कारण आपल्या गावांत घर शब्दावर दिले जाते आणि भाड्याची पावती मागणे संकोचाचे वाटते.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची स्थिती याहून दुबळी आहे. तो भाडेपट्टा नव्हे, केवळ वापराची परवानगी आहे. त्यामुळे भाडेकरूचे संरक्षण त्याला लाभत नाही. अनामत रक्कम घरमालकाने घेतलेली असल्याने तिच्या परतीचा दावाही मुख्यतः त्याच्याविरुद्धच करावा लागतो, आणि तो तर आधीच कर्जात बुडालेला असतो.

दाद कोठे मागावी :
२०१६ च्या दुरुस्तीने कलम १७(४अ) समाविष्ट झाले व भाडेकरूला ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग मिळाला. भाडेपट्टा संपला आहे काय, तो कलम ६५अ किंवा गहाणाच्या अटींविरुद्ध आहे काय, तो कलम १३(२) च्या नोटिशीनंतर केला आहे काय, हे न्यायाधिकरण तपासते. बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. भंडाऱ्याच्या भाडेकरूसाठी हे न्यायाधिकरण नागपूरला आहे. वकील आणि खेपा यांचा खर्च आलाच. दिवाणी न्यायालयाची वाट कलम ३४ ने बंद केलेली आहे. अर्जासोबत नोंदणीकृत करार, भाडे बँकेमार्फत दिल्याच्या नोंदी, वीजबिल व त्या पत्त्यावरील जुनी कागदपत्रे जोडावीत. रोखीने भाडे देणाऱ्याने निदान यापुढे ते खात्यातून द्यावे. घर गहाण आहे काय हे केंद्रीय प्रतिभूती नोंदवहीत, म्हणजे सर्साईच्या संकेतस्थळावर, अल्प शुल्क भरून कोणालाही पाहता येते. घराची किल्ली हाती घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.